हाताखालची मुलगी



तांदूळ निवडून ताट बाजूला ठेवलं आणि घटकाभरानं पाहिलं तर त्यात पुन्हा खडे! परत निवडले, तरी परत खडे! आपण तर कपाळाला हात लावू. पण पॅरिसमधल्या एका मुलीनं असंच काम जवळजवळ दहा वर्षं न कंटाळता केलं, आणि त्यातूनच एक नवं मूलद्रव्य शोधून काढलं. आज तिची गोष्ट सांगते.

तिचं नाव मार्गरीत पेरे. १९०९ साली पॅरिसजवळ तिचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले आणि घरात ओढाताण सुरू झाली. डॉक्टर व्हायची फार हौस होती, पण तेवढा पैसा आणायचा कुठून? मग तिनं मुलींच्या तंत्रशाळेत रसायनशास्त्राची पदविका घेतली, आणि १९२९ साली, अवघ्या १९व्या वर्षी, मादाम क्यूरींच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये ती नोकरीला लागली. हुद्दा मदतनिसाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर हाताखालची मुलगी.

तिच्या वाट्याला काम आलं ते ॲक्टिनियम शुद्ध करण्याचं. हे मूलद्रव्य किरणोत्सर्गी, म्हणजे ते स्वस्थ बसतच नाही. त्याचे अणू आपोआप बदलत जातात आणि त्यांची दुसरीच मूलद्रव्यं बनतात. त्यामुळे आत्ता स्वच्छ केलेलं ॲक्टिनियम थोड्या वेळात पुन्हा भेसळीचं! १९३४ साली मादाम क्यूरी गेल्या, पण मार्गरीतचं निवडणं-पाखडणं चालूच राहिलं. तिचा हात असा काही बसला की शुद्ध केल्यावर क्षणही न दवडता ती मोजमाप घेऊ लागली.

जानेवारी १९३९. नुकत्याच शुद्ध केलेल्या ॲक्टिनियममध्ये तिला एक अनोळखी किरणोत्सर्ग दिसला. तो कशाचा, याचा तिनं छडा लावला. ॲक्टिनियमच्या दर शंभर अणूंतला जेमतेम एखादा अणू वेगळ्या वाटेनं जातो आणि त्यातून ८७ क्रमांकाचं मूलद्रव्य तयार होतं. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ते घर तोवर रिकामंच होतं. हा पाहुणा टिकतो तरी किती? साधारण २२ मिनिटांत निम्मा संपतो. म्हणजे आपला कुकर लावून वरण-भात व्हायच्या आत! शुद्ध केल्यावर ‘जरा जेवून येऊ, मग मोजू’ असं म्हटलं असतं, तर बाकीच्या भेसळीत तो कुणाला दिसलाच नसता.

आणि एक गंमत सांगू? एवढा मोठा शोध लागला तेव्हा तिच्याजवळ विद्यापीठाची साधी पदवीसुद्धा नव्हती! मग महायुद्धाच्या त्या धामधुमीत ती सॉर्बोन विद्यापीठात शिकायला बसली, आणि १९४६ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, डॉक्टरेट मिळवली. मूलद्रव्याचं नावही ठरायचं होतं. तिनं आधी ‘कॅटियम’ सुचवलं. पण मादाम क्यूरींची मुलगी इरेन जोलिओ-क्यूरी म्हणाली, इंग्रजी बोलणाऱ्यांना मांजरच आठवेल! शेवटी देशाच्या नावावरून ‘फ्रान्सियम’ ठरलं. १९४९ साली ती स्ट्रासबूर्ग विद्यापीठात अणुरसायनशास्त्राची विभागप्रमुख झाली. हाताखालची मुलगी, आता तिच्या हाताखाली माणसं आली.

फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं १९११ साली खुद्द मादाम क्यूरींना निवडून दिलं नव्हतं. इरेनलाही दार उघडलं नाही. १९६२ साली त्या अकादमीत पहिली स्त्री गेली, ती मार्गरीत. तीही पूर्ण सभासद म्हणून नव्हे, संलग्न सभासद म्हणून. पण उंबरठा ओलांडला तो तिनंच.

याची किंमत मात्र तिनं शरीरानं मोजली. किरणोत्सर्गापासून जपायचं कसं, याची तेव्हा पुरेशी जाणीव नव्हती. आपल्या मूलद्रव्याचा कर्करोगाच्या निदानाला उपयोग व्हावा ही तिची इच्छा होती. त्याच कर्करोगानं तिला गाठलं. बरीच वर्षं आजारपण सोसून १९७५ साली ती गेली. काम कितीही आवडीचं असो, दुखणं अंगावर काढू नये, एवढं तरी आपण यातून घेऊ या.

आता थोडं माझं. बी. ए. झाले, लग्न झालं, मुलं झाली. शाळेत अर्धवेळ शिकवते. बी. एड.चा अर्ज आणून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलाय, त्याला महिना झाला. ‘आता या वयात कशाला गं?’ असं सासूबाई म्हणाल्या. खरं सांगते, त्यांच्या आधी ते मीच स्वतःला म्हटलं होतं. मीही यंदा ३६ वर्षांचीच आहे.

काल रात्री ओटा पुसून झाल्यावर अर्ज बाहेर काढला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं भरलं. सही तेवढी राहिलीय; तुम्हांला हे लिहून झालं की करणार आहे. तुमच्याही कपाटात घडीखाली असं काही असेल, तर आजच काढा बरं!