कपड्यांवरून पत ठरवू नका

मोहल्ल्याचे नाव ऐकताच बँकेचा साहेब अर्ज बाजूला सारतो, तेव्हा आपल्याला चीड येते. पण मळक्या कपड्यांतल्या गिऱ्हाइकाला उधारी नाकारताना आपणही तेच करतो. १९७६ साली बांगलादेशातील जोब्रा गावात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी ४२ गरिबांना पदरचे एकूण २७ डॉलर कर्जाऊ दिले. त्यांत बांबूचे स्टूल बनवणारे कारागीर होते. गरीब पैसे बुडवतात, असे बँकवाल्यांचे मत होते. पैसे परत आले, आणि त्यातूनच पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. आमचे व्यापारी व कारागीर बंधूंना सांगणे एवढेच : अनोळखी माणसाला पहिली उधारी थोडी द्या, वायदा पाळतो का पाहा, मगच त्याची पत ठरवा.