पेटीत बसून आलेलं वाचनालय



एकदा वाचायला शिकलेला माणूस वाचन विसरेल का? तुम्ही म्हणाल, छे! पण सराव सुटला, की अक्षरंसुद्धा हळूहळू परकी होतात बरं का!

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांपुढे हाच प्रश्न होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा राजा झाला. १९०६ साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलं शिकली. पण शाळा सुटल्यावर घरात पुस्तकच नसेल, तर शिकलेलं टिकणार कसं?

तशी वाचनालयं तेव्हा नवी नव्हती. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं १८४८ साली वाचनालय निघालं होतं. ठाण्यात वि. ल. भावे यांनी १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं होतं. पण ही सगळी शहरांत! खेड्यातल्या पोरानं काय करायचं?

महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. गावोगाव वाचनालयं निघाली. जिथं वाचनालय नव्हतं, तिथं पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या. एक पेटी वाचून झाली, की ती परत जायची आणि दुसरी यायची. वाचनालयच गावाला भेटायला यायचं म्हणा ना!

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या मुलामुलींना गोष्टीच्या पुस्तकासाठी शहर गाठावं लागू नये, यासाठीच तर हा खटाटोप! गावातल्या वाचनालयाची खोली लहान असेना का. तिथं आजोबा पेपर वाचतात, भरतीची तयारी करणारा दादा अभ्यास करतो आणि घरी निवांत कोपरा न मिळणारी ताईही तिथंच बसते.

पण एक लक्षात ठेवा. अनुदानातून कपाट येतं, पुस्तकं येतात; वाचक मात्र आपल्यालाच व्हावं लागतं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांनी सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. तुमच्या उशाशी महिनाभर पडून राहिलेलं पुस्तक कुणाची तरी पाळी अडवून बसलेलं असतं!

तर मग या रविवारी गावातल्या वाचनालयात जा आणि रजिस्टरात नाव घाला. वाचनालयच नाही म्हणता? मग पाच मित्रमैत्रिणी जमवा, प्रत्येकानं पाच पुस्तकं आणा आणि एक पेटी शोधा. झालं की सुरू!