कायद्याचे शब्द कोणाच्या बापाचे?

जामीन, रिमांड, कोठडी, तारीख. जरीपटक्याच्या कस्तुरबानगरातल्या बाया हे शब्द लॉ कॉलेजात शिकल्या नाहीत. अक्कू यादवनं शिकवले. बलात्कार, खून, खंडणी, वर्षानुवर्षं आरोपांची यादी वाढत गेली. तो आत जायचा, जामिनावर बाहेर यायचा. आपण तक्रार केली की पोलीसच त्याला नाव सांगतात, असं बाया बोंबलून सांगत होत्या.

13 ऑगस्ट 2004. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, जमावानं त्याला संपवला. तिखट, दगड, सुऱ्या. मग पांढरपेशांना घाम फुटला : कायद्याचं राज्य बुडालं! च्यायला, आमच्या वस्तीत ते तरंगत होतं कधी?

पण आपलीच काही पोरं म्हणतात, आरोपीला हक्क कायले पाहिजेत? जामीनच बंद करा! थांबा दोस्तहो. त्या दिवसानंतर आरोपी कोण झालं? आपल्याच आया-बहिणी. अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा, हे घटनेचं कलम 22 आता त्यांचं झालं. जामीनही त्यांचाच. खटला दहा वर्षं लोंबकळला आणि 2014 साली सगळे पुराव्याअभावी सुटले. गुन्हा शाबित होईस्तोवर माणूस निर्दोष, हे तत्त्व नसतं तर?

रोग जामिनात नाही. रोग ठाण्याच्या टेबलावर आहे. मॅजिस्ट्रेट कागद बघतो. एफआयआरच लिहिली नाही, कलम हलकं लावलं, जबाब कच्चा घेतला, तर सरकारी वकील जामिनाला काय डोंबल विरोध करणार? म्हणून भांडायचं ते तिथं. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घेतलीच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं 2013 साली ललिताकुमारी खटल्यात बजावलं आहे. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाणेदार हाकलतो? वरच्या साहेबाला लेखी पाठवा, तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हा रस्ता आहे. आणि अट्रॉसिटी कायद्याचं कलम 4 पाठच करा : या कायद्याखालचं कर्तव्य जाणूनबुजून टाळणाऱ्या दलित-आदिवासी नसलेल्या सरकारी नोकराला सहा महिने ते एक वर्ष कैद. साहेबांना हे कलम आठवत नाही, आपण आठवण द्यायची.

वकिलाला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला फुकट वकील दिलाय, उत्पन्नाचा दाखला न मागता. कस्तुरबानगरातल्या बाया वर्षानुवर्षं ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होत्या, तेव्हा हे त्यांना कोणी सांगितलं?