शिपायाचे स्मारक आणि भुकेचा हिशेब

कॅनडातील सायप्रस टेकड्यांत एका घोडेस्वार शिपायाचे स्मारक उभे आहे. मार्माड्यूक ग्रेबर्न हे त्याचे नाव. १७ नोव्हेंबर १८७९ रोजी फोर्ट वॉल्शनजीक कोणीतरी त्याच्यावर मागून गोळी झाडली. वायव्य घोडेस्वार पोलीस दलातील खून झालेला हा पहिला शिपाई. वयाची विशीही त्याने गाठली नव्हती. अशा कोवळ्या मृत्यूचे स्मरण करण्यास कोणाची हरकत असणार? हरकत आहे ती स्मरण तेथेच थांबविण्याला.

हे दल १८७३ साली स्थापन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये याच टेकड्यांत लांडग्यांची शिकार करणाऱ्या टोळीने असिनिबॉइन स्त्रीपुरुषांची कत्तल केली. त्याबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. ग्रेबर्नच्या खुनाचा आरोप स्टार चाइल्ड या कैनाई तरुणावर आला. १८८१ साली ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. शिपायाचे नाव दगडावर कोरले गेले. कत्तलीत पडलेल्यांपैकी बहुतेकांची नावे कोणास ठाऊक आहेत?

आणि १८७९ हे साल तरी कसले होते? कातड्याच्या व्यापारापायी त्या माळरानावरील बायसनचे कळप नाहीसे झाले होते. मूळ रहिवाशांचे अन्न आणि वस्त्र त्यांच्यासोबतच गेले. १८७६ च्या सहाव्या करारात दुष्काळात साहाय्य देण्याचे वचन सरकारने दिले होते. प्रत्यक्षात, खर्च आटोक्यात राहावा म्हणून लोक उपासमारीच्या कडेला पोचेपर्यंत अन्न रोखले जाते, अशी कबुली पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी १८८२ साली संसदेत दिली. फोर्ट वॉल्श येथील भुकेचे विदारक वर्णन त्याच वर्षी पोलीस दलाच्याच डॉक्टरने, ऑगस्टस ज्यूक्स यांनी, कळविले. सहा वर्षे करार नाकारणारे क्री नायक बिग बेअर यांना अखेर डिसेंबर १८८२ मध्ये सही करावी लागली. ती सही त्यांच्या लोकांच्या रिकाम्या पोटाने केली.

तिजोरीत पैसा नव्हता म्हणावे, तर पॅसिफिक रेल्वे कंपनीस याच काळात अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन बहाल झाली! तेव्हा प्रश्न पैशाचा नव्हता, वर्गहिताचा होता. माळ मोकळा हवा होता. भूक हे त्याचे स्वस्त साधन ठरले. कोठार आणि उपाशी माणसे यांच्यामध्ये मात्र ग्रेबर्नसारखी पोरे उभी केली गेली.

त्या पोरासाठी अश्रू जरूर ढाळावेत. परंतु त्याला तेथे उभे करणारे हात ज्या स्मारकावर दिसत नाहीत, ते स्मारक अर्धेच सत्य सांगते. आणि अर्धे सत्य नेहमी सत्ताधाऱ्यांच्याच उपयोगी पडते.