हत्यार कुणाचं, आणि कशावरून?

पिरंगुटच्या ज्या फोर्जिंग कारखान्यात मी क्वालिटी विभागात नोकरी केली, तिथे लोखंडाचा एकही तुकडा बेवारशी आत येत नसे. गेटवर गाडी लागली की आधी टेस्ट सर्टिफिकेट मागायचं. त्यावर हीट नंबर, म्हणजे ते पोलाद ज्या भट्टीत, ज्या खेपेला वितळलं तिचा क्रमांक. तोच क्रमांक बारवर पंच केलेला हवा. बार कापला की तुकड्यांवर, घडवला की घडीव मालावर आणि शेवटी तयार क्रँकशाफ्टवरसुद्धा तो क्रमांक चालत जायचा. मध्ये कुठे साखळी तुटली, तर माल कितीही देखणा असो, त्याला लाल रंग लागायचा आणि तो बाजूला पडायचा.

निवृत्तीनंतर संग्रहालयं हिंडू लागलो ती हीच नजर घेऊन. काचेमागची पाटी म्हणते, ‘तलवार, मराठाकालीन’. पुढे काहीच नाही. कुठून आली, कोणी दिली, कोणत्या साली दिली, मराठाकालीन म्हणायचं ते कशावरून? ट्रॅक्टरच्या सुट्या भागाला आपण जेवढा हिशेब विचारतो, तेवढा तरी महाराजांच्या आणि मावळ्यांच्या नावाने दाखवल्या जाणाऱ्या शस्त्रांना विचारायला हवा. मला हे फार मनापासून वाटतं.

वाघनखांचं प्रकरण अजून ताजं आहे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करार केला. तीन वर्षांच्या बोलीवर वाघनखं आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. पुढे ती नागपूरला गेली. मी साताऱ्यात रांगेत उभा राहिलो. काचेजवळ पोचल्यावर इतर सगळ्यांसारखे माझेही हात जोडले गेले. पोलादी पट्टी, बोटांत घालायच्या अंगठ्या, आत वळवलेली नखं. करणाऱ्याचा हात सफाईदार होता यात शंका नाही.

पण या वाघनखांसोबतची जी पेटी आहे, तिच्यावरचा इंग्रजी मजकूर तपासनिसाच्या नजरेने वाचायला हवा. शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, आणि ईडनचा जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट असताना पेशव्याच्या प्रधानाने ते त्याला दिलं, असा त्याचा आशय आहे. आता अफजलखान हा विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता. म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली महाराजांसमोर कोण आला होता, हेही ही अक्षरं लिहवून घेणाऱ्याला धड ठाऊक नव्हतं. डफ साताऱ्यात होता १८१८ ते १८२२. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, पेशवाई संपली. मग हे देणारा प्रधान कोण? त्याचं नाव नाही, दिल्याची तारीख नाही. आणि १६५९ पासून डफच्या हाती पडेपर्यंतची जवळपास १६० वर्षं ही वस्तू कोणाच्या कोठीत होती, याचा तर त्या मजकुरात एक शब्द नाही.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. ही तीच वाघनखं आहेत याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय म्हणतं. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून हीच गोष्ट महाराष्ट्रापुढे ठेवली. ज्यांच्या ताब्यात वस्तू आहे ते ‘खात्री नाही’ म्हणतात आणि ज्यांनी ती उसनी आणली ते ‘खात्री आहे’ म्हणतात, हा उलटा कारभार झाला. शंका विचारणाऱ्याच्या निष्ठेवर बोट ठेवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. प्रतापगडचा प्रसंग पक्का आहे. सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, तीत वाघनख आणि बिचवा दोन्ही आहेत. प्रश्न फक्त त्या एका पेटीतल्या पोलादाचा आहे, आणि तो विचारल्याने महाराजांच्या पराक्रमाला रतीभर बाध येत नाही.

आता दुसरी वस्तू पाहा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने नागपूरकर भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी घडणीचं, ज्याला आपण फिरंग म्हणतो ते. पात्यावर सोन्याने देवनागरी अक्षरं भरलेली आहेत, त्यात ‘राघोजी भोसले’ हे नाव आहे आणि ‘सेनासाहेबसुभा’ हे पद. असं हत्यार स्वतःच बोलतं. तरी इथेही चौकशी संपत नाही. ही पहिल्या रघुजींची म्हणून सांगितली गेली, पण नातू दुसरे रघुजी यांचंही नाव तेच आणि पदही तेच. तेव्हा अक्षरांचं वळण, सोन्याच्या भरणीची पद्धत, मुठीचा घाट हे सगळं तपासून ‘पहिले रघुजी, अमुक कारणावरून’ असं पाटीवर आलं पाहिजे. नागपूरच्या खजिन्यातून ती बाहेर कधी पडली, मधल्या काळात कोणाकडे होती, हेही त्याच पाटीवर हवं.

वस्तूचं खरं मूळ सांगितल्याने तिचा मान कमी होत नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल ओतलेलं आहे, भीमाशंकरच्या घंटेवर क्रूस आहे. अडीचशेहून जास्त वर्षं लोक ती घंटा वाजवून शंकराला हात जोडतात, कोणाची श्रद्धा कमी झाली नाही. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेवर ती १५४९ मध्ये निजामशाहीत ओतल्याची नोंद आहे, आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने आपलाही लेख तिच्यावर कोरवला. जुन्या लोकांना आपल्या वस्तूची कुळकथा लिहून ठेवायची लाज नव्हती.

आता आमच्या मुळशीकडे येतो. पौड खोऱ्यात, मुठा खोऱ्यात जुन्या घरांतून तलवारी आहेत. एरवी माळ्यावर किंवा देवघरामागे गुंडाळून ठेवलेल्या असतात, खंडेनवमीला बाहेर निघतात. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. मागे एका घरी मला मुद्दाम बोलावलं. आजोबा म्हणाले, “ही आमच्या मूळ पुरुषाची, महाराजांच्या वेळची.” मी उजेडाला धरून पाहिली. मुठीवर जुनी चांदीची कोफ्तगिरी, म्हणजे तारेची नक्षी, होती, परजेच्या सांध्यात लाखेचा काळा थर होता. पातं मात्र आरशासारखं लखलखत होतं. नातवाने आदल्याच आठवड्यात अँगल ग्राइंडरला वायर ब्रश लावून ते घासून काढलं होतं. मुठीच्या खाली चार बोटांवर, जिथे पातं घडवणाऱ्याची खूण असते, अक्षर किंवा चंद्रकोर किंवा पळता लांडगा, तिथे फक्त ग्राइंडरच्या गोल रेषा राहिल्या होत्या. पोराचा हेतू चांगला होता. पण त्या घराण्याचा तीन-चारशे वर्षांचा पुरावा तिथे दहा मिनिटांत भुकटी होऊन गेला असेल, आणि होता की नव्हता हेही आता कोणी सांगू शकणार नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही.

लोखंड बरंच सांगतं, फक्त विचारावं लागतं. भट्टीत मँगनीज मुद्दाम घालून पोलाद करण्याची पद्धत सर्रास रुळली ती बेसेमरच्या पोलाद-प्रक्रियेनंतर, म्हणजे १८५६ नंतर. त्याआधीच्या आपल्याकडच्या लोखंडात मँगनीज नावापुरतं. कारखान्यात आम्ही ज्याला पीएमआय गन म्हणतो, ते हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र पात्यावर ठेवलं की ओरखडाही न उठता काही सेकंदांत मँगनीजचा आकडा कळतो. ‘शिवकालीन’ तलवारीत अर्धा-पाऊण टक्का मँगनीज निघालं, तर ती बहुधा रेल्वेच्या स्प्रिंगपट्टीसारख्या नंतरच्या पोलादातून घडवलेली असणार. अशी यंत्रं पिरंगुट-चाकणच्या कितीतरी कारखान्यांत आहेत. वर्षातून एक दिवस ती पौडला आणणं अवघड नाही. यंत्र पोलादात काय आहे ते सांगेल, त्यावरून काळाचा अंदाज येईल. ते हत्यार कोणाच्या हातात होतं हे मात्र कागदच सांगणार. कागदांच्या बाबतीत आपल्याकडे शिस्त आहे. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. कागद कोणत्या घराण्याच्या दप्तरात मिळाला, हे सांगितल्याशिवाय आपला इतिहासकार पुढे जात नाही. मग हत्यारांनाच सूट का?

हत्यारांचाही असा हिशेब मागायची सुरुवात आमच्या मुळशीतल्या कोरीगडापासून व्हावी. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाला वेढा दिला. तोफांच्या माऱ्यात दारूकोठार पेटलं आणि १४ मार्चला गड गेला. गडावर आजही जुन्या तोफा आहेत, त्यातली मोठी लक्ष्मी तोफ कोराईदेवीच्या देवळाजवळ. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुंटांवर, बत्तीच्या भोकाजवळ मी हात फिरवून पाहिला. गंजाच्या खपल्यांखाली मला एकही अक्षर वाचता आलं नाही. जाणकाराने वाचून पाहिलं पाहिजे, कारण तोफांवर ओतणाऱ्याच्या आणि वजनाच्या खुणा बहुधा तिथेच असतात. गड पडल्यावर कोराईदेवीचे दागिने मुंबईच्या मुंबादेवीला गेले, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात आणि गडावरच्या माहितीतही ते छापलं जातं. नेले कोणी, दिले कोणी, कोणते दागिने?

याचं उत्तर मिळण्याजोगं आहे, कारण इंग्रजी फौजेची लूट ही हिशेबाची बाब होती. लुटीसाठी वेगळे एजंट नेमलेले असत. ते माल मोजत, विकत आणि शिपायापासून सेनापतीपर्यंत वाटे ठरत. १८१८ च्या दख्खन लुटीच्या वाटणीवरून लंडनमध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं, ड्यूक ऑफ वेलिंग्टन तिचा विश्वस्त होता. पेशव्यांकडून गेलेला नाशिकचा हिरा त्याच व्यवहारात लंडनला विकला गेला. एवढी भांडणं झाली म्हणजे कागद झाले. ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि आपल्या पुणे पुराभिलेखागारात शोधायचे आहेत. वाघनखं आणायला सरकारने जेवढी धावपळ केली, तिच्या दहाव्या हिश्श्यात एखादा अभ्यासक वर्षभर या कामाला बसवता येईल.

राज्यातल्या प्रत्येक सरकारी संग्रहालयाने शस्त्राखाली चार गोष्टी लिहाव्यात: कोठून आलं, कोणी दिलं, केव्हा, आणि नाव कशावरून ठरवलं. जिथे माहिती नाही तिथे ‘माहिती नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहावं. मुळशीतल्या घरांना माझी हात जोडून विनंती आहे की येत्या खंडेनवमीला तलवारीला ग्राइंडर, वाळूकागद, चिंच, पितांबरी काहीही लावू नका. मऊ कापडाने पुसा, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तिची हकीकत विचारून तारखेसह वहीत उतरवा. आणि प्रॉथरच्या फौजेच्या लुटीची यादी जर कुठे सापडली, तर तिचं मराठी भाषांतर पहिल्यांदा पेठ शहापूरला, कोरीगडाच्या पायथ्याला लागलं पाहिजे. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने सरकारकडे आत्ताच जायला हवी.