गोळी 'सोडवणारे' लोक

"थायरॉइडची गोळी किती वर्षं घेणार? सवय लागते हो तिची!"

हे वाक्य कधी ऐकलं नाही असा माणूस दाखवा मला. पण ज्याची थायरॉइड ग्रंथी ऑपरेशन करून काढून टाकली आहे त्याला हे ऐकवणं म्हणजे निव्वळ आचरटपणा आहे.

मंडळी, साधा हिशोब आहे. ही ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते आणि शरीर त्यातून गरजेप्रमाणे टी-३ तयार करतं. ग्रंथी गेली की कारखानाच बंद. गोळीत तेच टी-४ असतं, म्हणजे हा बाहेरून केलेला पुरवठा झाला. त्याला सवय म्हणायचं तर मग जेवणाचीही सवयच म्हणा!

आमच्या टीममधल्या एकीला एका शिबिरात 'तीन महिन्यांत गोळी बंद' असं छातीठोकपणे सांगितलं. तिची अख्खी ग्रंथी काढलेली आहे, हे विचारायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही.

यात खरी गोम पुढेच आहे. टी-४ रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे गोळी बंद केली तरी पहिले काही दिवस माणूस ठणठणीत. "बघा, काही झालं का?" मग हळूहळू थकवा, बद्धकोष्ठता, सतत थंडी वाजणं, मंदावलेली नाडी. तोवर शिबिर संपलेलं असतं. फार ताणलं तर माणूस बेशुद्ध होऊन जिवावरही बेततं.

आणि हा प्रयोग जगात आधीच होऊन गेलाय हो! स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढत. ते पेशंट पुढे सुजले, मंदावले, मुलांची वाढ खुंटली. १८८३ मध्ये त्यांनी स्वतःच हे जाहीर केलं. तेव्हा गोळी नव्हती. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी अशाच आजाराच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि ती पुढे २८ वर्षं जगली.

अर्धीच ग्रंथी काढली असेल तर गोष्ट वेगळी. उरलेला भाग बऱ्याच जणांना पुरतो, पण साधारण पाचांतल्या एकाला पुरत नाही. तेव्हा 'अर्धी आहे ना' म्हणून टीएसएच तपासणं टाळू नये.

कॅन्सरमुळे ग्रंथी काढलेल्या काहींचा टीएसएच तर डॉक्टर मुद्दाम खाली ठेवतात, कारण तो उरलेल्या पेशींना वाढायला चिथावू शकतो. रिपोर्टवर 'लो' दिसलं की लगेच "डोस जास्त झालाय, कमी कर" म्हणणारे घरचे तज्ज्ञ असतातच. त्यांना रिपोर्ट दाखवूच नका. डोस बदलल्यावरही सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासणी करायची, त्याआधीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

बाकी, गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर. आणि हो, चहाही अर्धा-पाऊण तास नाही!