थोड्या प्रतींचा जाहीरनामा

आम्ही लिहिणारे, खिळे जुळवणारे, छापणारे आणि बांधणी करणारे मिळून एक छोटं प्रकाशन सुरू करत आहोत. एका पुस्तकाच्या ३००च प्रती काढायच्या, पण मन लावून काढायच्या, असं ठरलं आहे. कशासाठी, ते जाहीर सांगतो.

आज मराठी पुस्तक दुसऱ्या वाचनाला टिकेल याची खात्री नसते. शिलाईची जागा गोंदाने घेतली आणि पानं सुटी व्हायला लागली. कवितेची ओळ कुठेही मोडते, कारण फाइल आली तशी छापली जाते. कित्येकदा छपाईचा खर्च कवीच्याच गळ्यात पडतो आणि न खपलेले गठ्ठेही त्याच्याच माळ्यावर जातात.

छपाईच्या खिळ्यांकडे आम्ही वळलो ते जुन्याच्या उमाळ्याने नव्हे. देवनागरीचा खिळा नाजूक. वेलांटीचं टोक खिळ्याच्या अंगाबाहेर येतं. शेजारी भलता खिळा बसला की तुटतं. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, हातातल्या स्टिकमधली ओळ उलटी वाचतो, दोन शब्दांतली फट बोटाने अजमावतो. ओळीपाशी इतका वेळ थांबणाऱ्याला तिच्यातली चूक दिसते, आणि कधी कधी तिच्यातलं उणंही. असा वाचक प्रत्येक पुस्तकाला छपाईआधीच मिळावा, म्हणून हा खटाटोप.

वाट नवी नाही. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने मोजकीच पुस्तकं काढली. १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’, २००३ मध्ये ‘भिजकी वही’. मराठी कविता त्यांच्यावाचून आज अपुरी वाटेल.

दुर्मिळतेचा बाजार मात्र आम्हाला मांडायचा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ उरला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतला म्हणून. मजकूर अडवून ठेवला तर देखण्या प्रतीबरोबर तोही जातो. तेव्हा प्रती थोड्या, मजकूर मोकळा.

आमचे नियम असे:

१. लेखकाकडून एक पैसाही घेणार नाही. मानधन छपाईआधी देऊ.

२. पहिल्या आणि ३००व्या प्रतीची किंमत एकच. कागद, छपाई, बांधणी, मानधन यांचा हिशेब शेवटच्या पानावर छापू.

३. त्याच पानावर जुळारी, छापणारा आणि बांधणारा यांची नावं, लेखकाच्या नावाइतक्याच टायपात.

४. १९५४ च्या कायद्याने ग्रंथालयांना द्यायच्या प्रती वेळेत पोचवू. शिवाय ३० प्रती गावोगावच्या वाचनालयांना देऊ, पण सभासदांना घरी नेऊ देण्याच्या अटीवर. कुलूपबंद कपाटासाठी प्रत मिळणार नाही.

५. वर्षभरानंतर, लेखकाची संमती असेल तर, कुणीही तो मजकूर स्वस्तात छापावा.

६. शिलाई उसवली तर प्रत परत आणा. फुकट शिवून देऊ.

देणगी नको, हात हवेत. छापखाना बंद करताना ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या केसेस भंगारात घालण्याआधी आम्हाला हाक मारा. भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त देऊ. जुन्या जुळाऱ्यांनी शिकवायला यावं, रोजंदारी मिळेल. शिकायला कुणीही यावं. अट एकच: जुळवलेलं पान छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचं.